‘ट्रस्ट’ : विश्वास कोणाचा, कोणावर?

गेल्या चैत्रात एक वृद्ध महाजन माझ्या कचेरीत आले. हातात एक जुना दस्तऐवज होता आणि त्याच्यासोबत एक-चौदाचा उतारा. दस्तऐवज मी ओळखला. चौदा वर्षांपूर्वी, वकिलीच्या पहिल्या उमेदीत, त्यांच्या घराण्याच्या देवालयासाठी मीच तो तयार केला होता. “देवालयाची सर्व स्थावरजंगम मालमत्ता विश्वस्तांच्या ठायी निहित राहील” हे त्यातील पाचवे कलम. ते मी एका इंग्रजी नमुन्यांच्या पुस्तकावरून उचलले होते, आणि ते मराठीत बरे उतरले म्हणून त्या वेळी मनातून संतोषही पावलो होतो. त्या कलमाच्या आधारे उताऱ्यातील कब्जेदाराच्या रकान्यातून देवाचे नाव गेले आणि तीन विश्वस्तांची नावे आली. पुढे त्यांतील एक वारले. त्यांच्या चिरंजीवांनी वडिलांच्या इस्टेटीचे इन्व्हेंतार काढले तेव्हा त्यात राहते घर, बँकेतील ठेव आणि देवाच्या कुळागराचा तिसरा हिस्सा अशी यादी दिली.

म्हातारबाबांनी हे सर्व शांतपणे सांगितले आणि मग विचारले, “वकीलबाब, हें तुमीच बरयलां. म्हाका एक फावट सांगात, ट्रस्ट म्हळ्यार किदें? हो विस्वास कोणाचो आनी कोणाचेर?”

मी त्यांना वकिलाला साजेसे उत्तर दिले, म्हणजे दाव्याची मुदत, दुरुस्तीचा अर्ज, मनाईहुकूम वगैरे सांगितले. प्रश्न मात्र तसाच राहिला. ‘ट्रस्ट’ हा शब्द आज आपल्या देवळांच्या अग्रशाळेत, पावतीपुस्तकावर, दानपेटीवर आणि वार्षिक सभेच्या भांडणात इतका रुळला आहे की तो परका आहे, हेही कोणाच्या ध्यानी येत नाही. तेव्हा त्या शब्दाचा थोडा झाडा घेणे आवश्यक वाटले.

इंग्रजीतील ‘ट्रस्ट’ मूळचा उत्तरेकडील नॉर्स भाषेतला. तेथे त्याचा अर्थ आधार, भरवसा, आश्रय असा होता; जर्मनीत त्याचाच भाऊबंद ‘ट्रोस्ट’ म्हणजे सांत्वन. व्युत्पत्तिकार त्याचे नाते ‘ट्रू’ म्हणजे खरा आणि ‘ट्री’ म्हणजे झाड ह्या शब्दांशी जोडतात, आणि तेथून ते आपल्या ‘दारु’पर्यंत, म्हणजे देवदारातल्या लाकडापर्यंत, येऊन पोचते. मूळ कल्पना अशी की जे खोडासारखे घट्ट उभे आहे त्यावर टेकावे. आपला ‘विश्वास’ निराळ्या मुळातून आला. ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे; ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो तेथे विश्वास. इंग्रजांना भरवशासाठी खांब आठवला, आम्हांला श्वास. दोन्ही कल्पना सुंदर आहेत, पण खांब मोजता येतो, त्याची मालकी सांगता येते. श्वासाची सांगता येत नाही. पुढच्या घोटाळ्याचे बीज कदाचित येथेच असावे.

नित्याच्या इंग्रजीत हा शब्द फार लवचिक आहे. एखाद्यावर ‘ट्रस्ट’ करणे म्हणजे विश्वास टाकणे हे सरळच. माल ‘ऑन ट्रस्ट’ घेणे म्हणजे उधारीवर घेणे. एखादी गोष्ट ‘ऑन ट्रस्ट’ स्वीकारणे म्हणजे पुराव्यावाचून मानणे. विसरभोळ्या माणसाविषयी ‘ट्रस्ट हिम टु फर्गेट’ असे म्हटले की ती थट्टा होते. विसरण्याच्या बाबतीत तो अगदी भरवशाचा! आणि आम्हां वकिलांच्या नोटिशीत शेवटी येणारे ‘आय ट्रस्ट’ हे तर सर्वांत गमतीचे. “आपण पंधरा दिवसांत रक्कम भराल असा मला विश्वास आहे” ह्या वाक्यात विश्वासाचा लवलेशही नसतो. ती सभ्य धमकी असते. अमेरिकेत १८६४ साली दोन सेंटांच्या नाण्यावर ‘इन गॉड वुई ट्रस्ट’ हे शब्द उमटले आणि १९५६ साली ते त्या राष्ट्राचे बोधवाक्य झाले. परमेश्वरावरील विश्वास नाण्यावर छापावा लागला, ह्यातील मौज आमच्या देवळांतील दानपेट्यांनी ओळखावी.

मराठीत ह्या प्रत्येक छटेला आपला शब्द आहे: विश्वास, भरवसा, मदार, इतबार, भिस्त. ‘विश्वास पानिपतातच गेला’ असे म्हणून आपण विश्वासरावाच्या मृत्यूला कोटीचे रूप देतो. कोकणीत ‘विस्वास’ आहे, ‘भरवसो’ आहे, ‘पातयेवप’ आहे. म्हणजे भाव व्यक्त करण्यासाठी आम्हांला ‘ट्रस्ट’ची गरज कधीच नव्हती. तो आला तो कायद्याच्या दारातून.

ह्या दाराची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण सारा अनर्थ तेथे उलगडतो. मध्ययुगीन इंग्लंडात एखादा जमीनदार आपली जमीन मित्राच्या नावे करून देई आणि सांगे की उत्पन्न माझ्या बायकामुलांना दे. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या फ्रान्सिस्कन संन्याशांनाही राहण्यास घर लागे. ते दुसऱ्याच्या नावे ठेवीत आणि उपभोग त्यांचा असे. अडचण एवढीच की सामान्य न्यायालये ज्याच्या नावावर जमीन त्यालाच मालक मानीत. मित्र उलटला तर बायकामुले रस्त्यावर. तेव्हा लोक राजाच्या चॅन्सलराकडे धाव घेत. हा चॅन्सलर बहुधा धर्मोपदेशक असे. तो मित्राला विचारी, “कायद्याने तू मालक आहेस हे खरे, पण तुझी सदसद्विवेकबुद्धी काय म्हणते?” ही विवेकबुद्धी तो तुरुंगाची भीती घालून जागी करी. ह्या प्रथेला आधी ‘यूस’ म्हणत. आठव्या हेन्रीने १५३६ च्या सुमारास कायदा करून ती मोडू पाहिली, तेव्हा वकिलांनी त्यातून वाट काढली आणि कालांतराने त्या वाटेलाच ‘ट्रस्ट’ हे नाव पडले. मेटलंडसारखा इतिहासकार ट्रस्टच्या कल्पनेला इंग्रजी विधिशास्त्राची सर्वांत मोठी कामगिरी मानतो. मला ते पटते.

पण ही कामगिरी नेमकी कशात आहे ते पाहावे. ट्रस्टमध्ये मालकीचे दोन तुकडे होतात. कागदावरची मालकी ट्रस्टीची, फळ दुसऱ्याचे. ट्रस्टी हा खरोखरच मालक असतो. बांधलेला, जाब देणारा, पण मालक. १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्यानेही ट्रस्टची व्याख्या मालकीला जोडलेले आणि विश्वासातून उपजलेले बंधन अशीच केली. त्यात मालकी आधी आहे आणि बंधन तिला जोडलेले आहे. गाय आधी, दावे मागून.

आणि हे दावे सैल सुटले म्हणजे काय होते ह्याचे उदाहरण त्याच १८८२ सालात अमेरिकेने दाखविले. रॉकफेलर व त्याच्या सहकाऱ्यांनी अनेक तेल कंपन्यांचे भाग नऊ ट्रस्टींच्या हाती सोपविले आणि स्टँडर्ड ऑइल ट्रस्ट उभा केला. भागधारकांनी ‘विश्वासाने’ सर्व काही दिले आणि नऊ माणसांच्या मुठीत देशातील तेलाचा बहुतेक धंदा आला. आठच वर्षांत, १८९० साली, अमेरिकेला शर्मन कायदा करावा लागला. तेव्हापासून तेथे मक्तेदारीविरोधी कायद्यांना ‘अँटिट्रस्ट’ म्हणतात. विश्वासाच्या शब्दाला विरोधाचा उपसर्ग लागला आणि तो सज्जनपणाचा ठरला! शब्दाची एवढी उलटापालट फार थोड्या वेळा झाली असेल.

आता आपल्याकडे वळू. १८८२ चा कायदा करणाऱ्यांनी एक शहाणपण दाखविले होते. सार्वजनिक असो वा खाजगी, धार्मिक व धर्मादाय देणग्यांना हा कायदा लागू नाही असे त्यांनी पहिल्याच कलमात सांगून टाकले. देवाचे काम इंग्रजी मापात बसणार नाही हे त्यांस उमगले होते. १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे मद्रास इलाख्यातील एका मठाच्या जमिनीचा वाद गेला. तेथे न्यायमूर्ती अमीर अली ह्यांनी स्वच्छ शब्दांत निर्णय दिला की इंग्रजी अर्थाचा ट्रस्ट हिंदू धर्मशास्त्राला ठाऊक नाही. मठाधिपती हा व्यवस्थापक आहे, मालमत्ता त्याच्या ठायी निहित नाही. चारच वर्षांनी, १९२५ साली, त्याच न्यायसभेने मुल्लिक घराण्याच्या खटल्यात देवमूर्ती ही स्वतःच विधिमान्य व्यक्ती आहे हे ठसविले. म्हणजे मालक देव. मग ट्रस्टीला मालक होण्यास जागाच उरत नाही. २०१९ च्या अयोध्येच्या निकालापर्यंत ही विचारसरणी अखंड चालत आली आहे.

परंतु कायद्यालाही सोयीचा मोह सुटत नाही. १९२१ च्या निर्णयामुळे देवाची मालमत्ता परत मिळविण्याच्या मुदतीत अडचणी आल्या, म्हणून १९२९ साली मुदतीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अशी मालमत्ता ट्रस्ट ‘मानली जाईल’ आणि व्यवस्थापक ट्रस्टी ‘मानला जाईल’ असे ठरले. हेतू चांगला होता. देवाचे धन बळकावणाऱ्याला मुदतीचा आडोसा मिळू नये, एवढाच. मग १९५० चा मुंबईचा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा आला. त्यात सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेत देऊळ व मठ ‘समाविष्ट आहेत’ असे लिहिले. आणि विश्वस्त म्हणजे ज्याच्या ठायी मालमत्ता निहित आहे तो, शिवाय व्यवस्थापकही त्यात ‘समाविष्ट’. ‘मानले जाईल’ आणि ‘समाविष्ट आहे’ ह्या दोन नम्र क्रियापदांनी जे केले ते एखादा मोठा ग्रंथ लिहूनही झाले नसते. व्यवस्थापक आणि मालक एका पंगतीला बसले. कायद्याच्या पुस्तकात ती केवळ सोय होती. गावात तिला वस्तुस्थितीचे रूप आले.

ह्यात भाषेचाही हात आहे, आणि माझा खरा आक्षेप येथे आहे. इंग्रजीतील ‘ट्रस्टी’ हे कर्मणि रूप आहे. ‘लेसी’, ‘डोनी’, ‘पेयी’ ह्या कायद्याच्या शब्दांप्रमाणे त्यातील शेवटचा स्वर सांगतो की ह्या माणसावर दुसऱ्याने काहीतरी केले आहे, त्याच्यावर विश्वास टाकला आहे. शब्दातच तो ओझ्याखाली वाकलेला आहे. मराठी कानाला मात्र हा ‘ई’ कसा ऐकू येतो? अधिकारी, कारभारी, मानकरी, पुजारी! आपल्याकडे ‘ई’ म्हणजे ज्याच्याजवळ ती वस्तू आहे तो. अधिकार ज्याचा तो अधिकारी, मान ज्याचा तो मानकरी, आणि ट्रस्ट ज्याचा तो ट्रस्टी. व्याकरणाने एका झटक्यात ओझे मान केले. पालखीपुढे मानाचा नारळ कोणत्या ट्रस्टीने स्वीकारायचा ह्यावरून तंटे होतात त्याला कारण माणसाचा स्वभाव हे तर खरेच. पण शब्दानेही त्यांना वाट करून दिली.

‘विश्वस्त’ हा प्रतिशब्द बरा वाटतो, पण तोही निर्दोष नाही. संस्कृतात विश्वस्त म्हणजे ज्यावर विश्वास ठेवला आहे तो, आणि तितक्याच सहजतेने, जो निःशंक आहे, ज्याला कशाचेच भय नाही तो. अमरकोशात ‘विश्वस्ता’ हा विधवेचा पर्याय आहे, ते निराळे. हिशेब मागणाऱ्या महाजनांपुढे काही विश्वस्त ज्या निर्भयतेने बसतात ते पाहता हा दुसरा अर्थच अधिक लागू पडतो, असे कोणास वाटल्यास त्याला दोष देता येणार नाही.

आपले वाचक गोव्याबाहेरही विखुरलेले आहेत, म्हणून इतर गावांची भाषा पाहू. इंदूर-ग्वाल्हेरकडे मध्यप्रदेशचा १९५१ चा कायदा ‘लोक न्यास’ म्हणतो. बेळगावात कन्नड पाटीवर देवळाच्या ट्रस्टीला ‘धर्मदर्शी’ म्हटलेले दिसते. हैदराबादेकडील तेलुगूत तोच माणूस ‘धर्मकर्ता’ होतो. तीन शेजारी, तीन दृष्टी. धर्मकर्ता हा शब्द मला थोडा उद्दाम वाटतो. धर्म करणारा हाच, मग देणारा कोण? धर्मदर्शी फार चांगला आहे. पाहणारा, लक्ष ठेवणारा. त्यात मालकीचा गंधही नाही. हा शब्द आमच्या मराठीने शेजाऱ्याकडून उसना घेतला असता तर पाचवे कलम लिहिताना माझा हात कदाचित थबकला असता.

आणि ‘न्यास’? ह्या शब्दावर मराठी माणसाने अधिक प्रेम करावयास हवे होते. न्यास म्हणजे खाली ठेवणे, स्वाधीन करणे. पूजेत आपण अंगन्यास, करन्यास करतो. मंत्र आपल्या अवयवांवर ठेवतो, अवयव आपले राहात नाहीत. सर्वच खाली ठेवले की संन्यास होतो. धर्मशास्त्रात ठेव हा व्यवहाराचा मोठा विषय आहे. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत ऋणानंतर लगेच निक्षेप येतो. भासाच्या ‘स्वप्नवासवदत्ता’त यौगंधरायण वासवदत्तेला आपली बहीण म्हणून पद्मावतीपाशी न्यास ठेवतो, आणि ठेव सांभाळणे किती कठीण हे तेथला कंचुकी बोलून दाखवितो. कालिदासाचा कण्व मुलीला सासरी पाठविल्यावर ठेव परत केल्याचा मोकळेपणा अनुभवतो. ह्या कल्पनेत मालकीचे दोन तुकडे कधी होतच नाहीत. ठेव ज्याची त्याचीच राहते. सांभाळणाऱ्याकडे फक्त जागरण येते आणि परत करण्याचा दिवस येतो. मुलगा बापाच्या इस्टेटीत दुसऱ्याची ठेव मांडू शकत नाही, हे समजण्यास तेथे वकील लागत नाही. दुर्दैवाने हा शब्द आपण पोलिसांच्या भाषेत ‘फौजदारीपात्र न्यासभंग’ एवढ्यापुरता जिवंत ठेवला आहे. दंडसंहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. तो अपराध तिच्या ३१६ व्या कलमात आला.

गोव्याच्या वाचकास आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. पोर्तुगीज कायद्याची बैठक रोमन. तिला मालकी दुभंगणे मान्य नाही, म्हणून इंग्रजी धर्तीचा ट्रस्ट तिच्यात नव्हता. १९३३ च्या मझानियांच्या नियमावलीने देवस्थानांसाठी ट्रस्टी निर्माण केला नाही. तिने महाजनांच्या नोंदी, निवडणुका, अंदाजपत्रक, हिशेब आणि सरकारी देखरेख ह्यांचे नियम घालून दिले. त्या नियमावलीवर टीका करण्याजोगे पुष्कळ आहे आणि महाजन कोण व कोण नव्हे ह्या तिच्या भिंतींवर न्यायालयांत डोकी फुटली आहेत. पण देवाचे कुळागर अमक्याच्या ठायी निहित, ही भाषा तिची नव्हे. ती आम्ही, १९६१ नंतर इंग्रजी नमुने हाती धरून आलेल्या वकिलांनी, आणली. ‘ट्रस्ट’ म्हटले की काहीतरी आधुनिक आणि पक्के वाटे. बंदरसुद्धा ट्रस्टच होते. मुरगावचा ‘पोर्ट ट्रस्ट’ २०२१ च्या कायद्यानंतर ‘प्राधिकरण’ झाला आणि कोणाला चुकल्यासारखेही वाटले नाही.

त्याहून मागे जावे. सोळाव्या शतकात देवळांवर संकट आले तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश झुवारी ओलांडून प्रियोळास आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास. ज्यांनी त्या मूर्ती वाहून आणल्या त्यांच्याजवळ कोणता दस्तऐवज होता? जमिनी मागे राहिल्या. देवाची मालकी म्हणावी असे मूर्तीखेरीज फारसे काही हाती नव्हते. अंत्रुजकरांनी त्यांना जागा दिली. ह्या सर्व व्यवहारात सोपविणारे, सांभाळणारे आणि ज्याचे सांभाळायचे तो, तिघेही स्पष्ट होते. संशय कोठेच नव्हता. म्हातारबाबांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला वारंवार ती होडी आठवली.

गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे की स्नेलच्या इंग्रजी कायद्याच्या पुस्तकातील ‘ट्रस्टी’ ह्या शब्दाने त्यांना गीतेतील अपरिग्रह उमगला. कोट्यवधींचा सांभाळ करूनही त्यातील कवडी आपली न मानणे, असा. म्हणजे हा शब्द मुळातच नासका आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. गांधीजी बॅरिस्टर होते आणि त्यांनी त्यातले बंधन उचलले. आम्ही त्यातली मालकी उचलली. २०२१ साली मध्यप्रदेशातील पुजाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की देवळाच्या जमिनीच्या मालकीच्या रकान्यात देवाचेच नाव असावे, पुजाऱ्याचे वा व्यवस्थापकाचे नाव तेथे असण्याची गरज नाही. तो निकाल वाचताना माझ्या पाचव्या कलमाने माझ्याकडे टक लावून पाहिले.

म्हातारबाबा पुन्हा आले तेव्हा मी त्यांना उत्तर दिले: “विस्वास तुमच्या पूर्वजांचो, तुमचेर. मालमत्ता देवाची. तुमी ती फकत सांबाळपाची.” ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “हें आमकां खबर आशिल्लें. कागदाक खबर नाशिल्लें.”

मी फी न घेता दुरुस्तीपत्र तयार केले. त्यात ‘निहित’ हा शब्द नाही. “मालमत्ता श्रींची असून विश्वस्त ती श्रींच्या वतीने सांभाळतील व दर वर्षी महाजनांस हिशेब देतील” असे साधे वाक्य आहे. हयात असलेल्या दोन विश्वस्तांपैकी एकाने सही केली. दुसऱ्याने ती राखून ठेवली आहे. विचार करतो म्हणतो. इन्व्हेंतारातील तिसऱ्या हिश्श्यावर आम्ही हरकत घेतली आहे. उताऱ्याच्या रकान्यात अद्याप तीच तीन नावे आहेत.